तिसरं खोकं

गिऱ्हाइकाचा चेहरा मी विसरेन, बुटाचा तळ विसरणार नाही. शोधपथकातल्या माणसाने दुकानाच्या काउंटरवर मोबाइल ठेवून फोटो दाखवला. "कड्यावरून कुणीतरी घसरलंय. वर चिखलात हा ठसा सापडला. कुठले बूट, सांगता?" बघताक्षणी ओळखले. उतारावर पकड धरणारे असे तीन जोड गावात माझ्याकडेच होते. "अजून एकही विकला नाही," मी ठासून म्हणालो आणि मग आठवलं. काल जेवताना लेकीने विचारलं होतं, "बाबा, डोंगर उतरताना बोटं आदळू नयेत म्हणून बूट एक नंबर मोठे घ्यायचे ना?" मला कौतुक वाटलं. आज ती मैत्रिणीकडे अभ्यासाला गेली होती. मी तिन्ही खोकी काढली. दोन जड होती. तिसरं, तिच्या मापापेक्षा एक नंबर मोठ्या जोडाचं, हलकं लागलं. झाकण त्या माणसानेच उघडलं. आत, मी शिकवलं तसं कागदात गुंडाळलेल्या तिच्या चपला होत्या.