अण्णांचा फलक

टेस्ट ट्यूब बाळाच्या उपचारातून उरलेले, क्लिनिकमध्ये गोठवून ठेवलेले आपले भ्रूण मधुमेहाच्या संशोधनाला देणार, असं मृणालिनीनं सांगताच तिचे सासरे अण्णा उसळले. ते अशाच संशोधनाविरुद्धच्या मोर्चाला मुलुंडला निघाले होते. हातात फलक होता, ‘भ्रूणही जीव आहे.’ “माझ्या नातवंडांना सुया टोचायला देतेस? अगं, पाप लागेल!” सहा वर्षांच्या लेकाला इन्सुलिनचं पेन टोचायला बसलेल्या मृणालिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “अण्णा, ह्याच्या वेळी डॉक्टरांनी तीन भ्रूण कमजोर म्हणून फेकले, माहीत होतं ना? पाळलंत सुतक? त्याच दुपारी मागून मागून श्रीखंड खाल्लंत!” अण्णा पुटपुटले, “ते वेगळं.” “काय वेगळं? सुयांचंच वाईट वाटतं ना?” तिनं पेन त्यांच्यापुढे धरलं. “ह्याला रोज चारदा टोचते मी. आता तुम्ही टोचा.” लेकानं सवयीनं शर्ट वर केला. अण्णांनी फलक तोंडासमोर धरला.