सवयींची वही

“आवडीनिवडी नकोत, ताई. सवयी सांगा,” गोष्टीवाला म्हणाला आणि त्याने वहीचं नवं पान उघडलं.

गेलेल्या बाईची मोठी बहीण समोर बसली होती. उद्या सकाळी दहाला शोकसभा होती. तिथे त्याने बाईची गोष्ट सांगायची होती आणि तिच्यावर रचलेलं गाणं म्हणायचं होतं. हाती फक्त आजची दुपार होती.

नुसती गाणी रचून आणि गावोगाव गाऊन पोट भरेना, तेव्हा तो गोष्टी सांगायला लागला होता. गोष्टींच्या मागोमाग हे काम आपसूक आलं. घरातलं माणूस गेलं की लोक त्याला बोलवत. दोनशेच्या वर घरांत तो असा वही घेऊन बसला होता. दगडाला पाझर फोडतो, अशी त्याची ख्याती. स्वतः मात्र ठणठणीत कोरडा. रडणारे घरात भरपूर असतात, गाणारा कोरडाच लागतो, असं तो म्हणायचा. आज तर त्याला भूकसुद्धा जाणवत नव्हती.

इथेही त्याने दाराजवळची खुर्ची घेतली होती. डफ भिंतीला टेकवून ठेवला होता.

“बाहेर पडताना शेगडी विझली का, तीनदा बघायची,” बहीण म्हणाली. “अर्ध्या जिन्यावरून परत यायची.”

त्याने लिहिलं. “आणखी?”

“टीव्ही लावायची आणि त्याच्याकडे पाठ करून भाजी चिरायची. बघायचं नसायचं काही. घरात आवाज हवा म्हणायची.”

“बोलताना काही सवय?”

“मान डावीकडे वळवायची. डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं तिला.”

पेन्सिल थांबली. “कधीपासून?”

“सहा वर्षं झाली.”

“डॉक्टरला दाखवलं नाही?”

“दाखवलं ना. मीच घेऊन गेले होते.”

त्याने ‘डावा कान’ असं लिहून खाली रेघ मारली. चांगली ओळ होईल, असं त्याला वाटलं. त्यापलीकडे काही वाटलं नाही.

बहिणीने चहा आणून ठेवला. कोमट आणि बिनसाखरेचा, गळा जपणाऱ्या माणसाला चालेल असा. तो प्यायला, पण चव काही लागली नाही.

“रविवारी रेडिओवर तुमची गोष्ट लागायची,” ती म्हणाली. “ओले कपडे खांद्यावर तसेच ठेवून उभी राहायची, उजवा कान रेडिओला लावून. माझा फोन आलेला असला तर मलाही गप्प बसवायची.”

“हे लिहू?”

“लिहा. गाणं तुम्हीच म्हणावं, ही तिची इच्छा होती. माझी नव्हती.”

असं तुसडं बोलणारं माणूस प्रत्येक घरात एक तरी निघतंच. त्याने मनावर घेतलं नाही. पुढचा प्रश्न ठरलेला होता, तो विचारला. “शेवटच्या दिवशी जवळ कोण होतं?”

“मी.”

“आणखी?”

“कुणी नाही. सकाळी नर्सला म्हणाली, ताईला जेवून घ्यायला सांगा. दुपारी दोनला गेली.”

त्याने ‘बहीण’ लिहिलं, ‘जेवून घे’ लिहिलं. मग पाच-दहा मिनिटं तो वहीत वाकून राहिला. बहीण समोरच बसून होती. शेवटी त्याने गुडघ्यावर बोटांनी ठेका धरला आणि हलक्या आवाजात म्हणून पाहिलं:

“जाताना तीनदा पाही, शेगडी विझली का गं,
आज न पाहता गेली, एवढी कसली लगबग?”

बहिणीचा हात तोंडावर गेला. ती रडली, बराच वेळ, आवाज न करता. गोष्टीवाला तोवर मात्रा मोजत होता. दुसऱ्या ओळीत कमी पडत होत्या.

“छान झालंय,” डोळे पुसून ती म्हणाली. “शेगडी आली, कान येईल, मीसुद्धा येईन. नवरा कुठे आहे यात?”

“जो माणूस गोष्टीत दिसतच नाही, त्याच्यावर मी ओळ रचत नाही.”

“लोक विचारतील.”

“विचारू देत. माझ्याकडे लिहायला काही नाही. तुम्ही सांगा, मी लिहून घेतो.”

ती चिडली असेल, असं त्याला वाटलं, पण तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती उठली, पर्स खांद्याला लावली आणि या घराची तिच्याकडची किल्ली काढून त्याच्या उघड्या वहीवर ठेवली.

“सत्तावीस वर्षं नवरा होतात तुम्ही तिचे,” ती म्हणाली. “एवढं तरी दुसऱ्याला विचारू नका.”