गोर्दोलोबोची फुलं

"ही फुलं कुठून आणलीत, काकू?" सित्लालीनं पुडी फळीवर ठेवली. मागच्या वेळेसारखी बसली नाही.

हर्मेलिंदा आपल्या झाडपाल्याच्या दुकानात पुदिन्याच्या जुड्या बांधत होती. "का गं? तुमच्या विद्यापीठात नापास झाली की काय?"

सित्लाली पुएब्ला शहरातल्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत औषधी झाडपाला तपासायची. कोरड्या खोकल्यावरचे घरगुती उपाय गोळा करायला ती महिन्यापूर्वी अतलिस्कोच्या बाजारात आली आणि नमुने घेऊन गेली. मधाचा गुण थोडाफार सिद्ध झालाय, गोर्दोलोबोच्या रानफुलांच्या चहाचा फारसा नाही, असं तिनं तेव्हाच सांगितलं होतं. हर्मेलिंदाला हसू आलं होतं. "आमच्या गल्लीत येऊन बघ. सगळे खोकतात आणि सगळे माझाच चहा पितात."

ते खरंच होतं. हर्मेलिंदा गल्लीत शिरली की कुठल्या ना कुठल्या खिडकीतून ढास ऐकू यायचीच.

"काकू, हा गोर्दोलोबो नाही. दिसतो अगदी तसाच. पण याच्या चहानं यकृत खराब होतं. लगेच कळत नाही. मग पोटात पाणी होतं, डोळे पिवळे पडतात. लहान मुलांना तर..."

हर्मेलिंदाच्या हातातली जुडी सुटली.

तीस वर्षं फुलं तिचा नवरा कोन्रादो डोंगरावरून स्वतः खुडून आणायचा. तो गेल्या वसंतात वारला. त्यानंतर तिनं एका फिरत्या व्यापाऱ्याकडून पोतं घेतलं होतं. वास घेऊन बघितला होता, शंका आली नाही.

फळी तशीच टाकून ती निघाली. सित्लाली मागोमाग.

गल्लीतली तिची मैत्रीण ओब्दुलिया दारात मका निवडत होती. हर्मेलिंदाला बघून ती दोनदा खोकली. पाठीला शालीत बांधलेली नात झोपली होती.

"अजून आहे खोकला?" हर्मेलिंदानं विचारलं. नजर मैत्रिणीच्या डोळ्यांवर होती. पांढरे आहेत की पिवळसर? उन्हात कळेना.

"आहे, पण तुझ्या चहानं फार उतार पडला बघ. दिवसातून तीनदा घेते."

"तीनदा? आणि बाळाला?"

"दिला की चमचाभर. छान झोपली."

हर्मेलिंदा बाळाजवळ गेली. "किती दिवस देत्येस?"

"अगं, झालं काय तुला? चेहरा बघ कसा झालाय."

समोरून फोर्तिनो सुतार रंधा हातात घेऊन बाहेर आला. गल्लीत सगळ्यांत जास्त पुड्या त्यानं नेल्या होत्या. "हर्मेलिंदा, बरी भेटलीस! कालपासून परत घसा धरलाय. आणखी एक पुडी देशील?"

"गप्प बस!" ती ओरडली. गल्ली थबकली. "कुणीही एक घोट पिऊ नका. विष दिलंय मी तुम्हाला. चूक माझी आहे. सगळे दवाखान्यात चला, आत्ता. आधी बाळ."

तिनं ओब्दुलियाच्या पाठीवरची गाठ सोडायला घेतली. घाईत ती सुटेना. बाळ जागं होऊन रडू लागलं.

"रक्त तपासावं लागेल," सित्लाली म्हणाली. "कुणी किती घेतलाय, खरं सांगा. यावर उतारा नाही."

ओब्दुलियानं फोर्तिनोकडे पाहिलं, फोर्तिनोनं जमिनीकडे.

"सांगा ना!" हर्मेलिंदा रडायला लागली. "कोन्रादो गेला, आता तुम्हालाही मीच घालवू का?"

"हर्मेलिंदा, ऐक," ओब्दुलिया हळूच म्हणाली. "बाळाला काही दिलेलं नाही. मीही घेतला नाही."

"मला बरं वाटावं म्हणून बोलू नकोस!"

फोर्तिनोनं रंधा खाली ठेवला, तिला दंडाला धरून घरात नेलं आणि भिंतीतलं कपाट उघडलं. आत कागदी पुड्यांची चळत होती. एकही फोडलेली नव्हती.

"सगळ्यांच्या घरी अशाच आहेत," तो म्हणाला.

"मग तुमचा खोकला?"

"कोन्रादोला पुरून आल्यावर तू एकवीस दिवस दार उघडलं नाहीस. आम्ही जेवण आणलं, पाद्रींना आणलं, तुझ्या बहिणीला बोलावलं. बाविसाव्या दिवशी मी तुझ्या दाराशी उभा राहून खोटंच खोकलो, तेव्हा चहाची पुडी घेऊन तू दार उघडलंस. तेव्हापासून सगळी गल्ली खोकतेय."