गुलाबी मुठी

तेलाचा पहिला हात फिरला आणि सुरीची पांढरी मूठ गुलाबी झाली.

म्हातारीला वाटलं, फडकंच घाण असेल. तिनं नवं फडकं घेतलं, दुसऱ्या मुठीला तेल लावलं. तीही गुलाबी. तिसरी तर पार हिरड्यांसारखी. लाकडाच्या बारीक रेघांत रंग असा मुरला होता की नखानं खरवडूनही निघेना.

एकूण बारा सुऱ्या. पाती थोरल्या मुलानं घडवायची, मुठी धाकट्यानं बसवायच्या आणि घासायच्या म्हातारीनं, ही घरची रीत. घासकामाला ती दुसऱ्या कुणाचं बोट लागू देत नसे. मोठ्या भटारखान्याचा आचारी चार वाजता सुऱ्या न्यायला येणार होता. मूठ पांढरीच हवी, डाग दिसला तर एकही उचलणार नाही, असं तो बजावून गेला होता. आता तीन वाजत आले होते.

आधी तिनं दुकानदाराचा उद्धार केला. मग थोरल्याचा, कारण पॉलिश पेपर त्यानं आणला होता. काळा पेपर पांढऱ्या लाकडाला काजळी फासतो, तांबडा कधी दगा देत नाही, हे चाळीस वर्षं सगळ्यांच्या कानीकपाळी ओरडून तिच्या घशाला कोरड पडली होती. थोरला शिकंज्यात आवळलेल्या पात्यावरून मान न उचलता म्हणाला, तू सांगितलास तसा तांबडाच आणला. ते खोटं नव्हतं. पेपर तिच्या मांडीवरच होता. तिनं बोट जिभेला लावून त्यावर फिरवलं. बोट लाल झालं.

पूर्वीच्या पेपरचा खडाच तांबड्या दगडाचा असायचा. हा कुठल्याशा खड्याला नुसता रंग फासलेला. आणि ती तर मूठ ओलसर करून घासणार, म्हणजे लाकडाची लव बसते. त्या ओलीतच रंग उतरला होता. वर पांढरा भुसा बसला म्हणून दिसला नाही इतकंच.

थोरली सून दाराशी केर काढत होती, तो काही केल्या संपत नव्हता. धाकटा कोपऱ्यात पाठमोरा बसून खोक्याला सुतळी गुंडाळत होता.

म्हातारीची नजर त्या सुतळीवर थांबली.

"सुऱ्या इथं माझ्यापुढं पडल्यात. मग तू खोक्यात काय भरलंस रे?"

धाकट्याचा हात थांबला. ती गुडघ्यावर हात रेटत उठली, सुतळी ओढून काढली आणि झाकण उघडलं.

आत बारा सुऱ्या होत्या. बाराही मुठी दुधासारख्या पांढऱ्या. तेलाचे हात देऊन, वाळवून तयार.

मग एकेक बाहेर आलं. पेपर आणला त्याच दिवशी सुनेनं टाकाऊ तुकड्यावर घासून, तेल लावून बघितला होता. तुकडा गुलाबी झाला. ती सांगायला आली, तर माहेरी मुठीच घासत होतीस वाटतं, असं म्हणून म्हातारीनं तिला हाकललं होतं. त्यानंतर थोरल्यानं बिनरंगाचा पेपर आणला आणि बारा पाती जास्तीची घडवली. दुपारी म्हातारी आडवी झाली की मागच्या ओट्यावर सून घासायला बसायची. आठ दिवस हेच चाललं होतं.

"म्हणजे मी आठ दिवस काय करत होते?" म्हातारीनं विचारलं.

थोरल्यानं कानस खाली ठेवली.

"मुठी पुन्हा करता येतात, आई. तुला अडवलं असतं तर महिनाभर घरात कुणाच्या पोटात सुखाचा घास गेला नसता."

तो चिडून बोलला असता तर तिनं त्याची सालटी काढली असती. पण तो आजाऱ्याशी बोलावं तसं, हळू बोलला.

तिनं खोक्यातली एक सुरी उचलली. मुठीवरून अंगठा फिरवला, पुढून मागं, मागून पुढं, पितळी रिवेटच्या कडेनं. अंगठा कुठंच अडखळला नाही. दुसरी उचलली. तिसरी उचलली, ती मात्र तिच्या हातातच राहिली. सून पुढं झाली आणि तिच्या हातातलं पातं अलगद काढून घेतलं. म्हातारीनं घेऊ दिलं.

तिनं खोक्याचं झाकण लावलं. मग अगदी हलक्या आवाजात, तिघांकडंही न बघता, तिनं विचारलं, "मी दुपारी आडवी होते तेव्हा आणखी काय काय करता तुम्ही?"

तिघांनी आधी एकमेकांकडं पाहिलं.