उरलेल्या दोघी

"पाठीला पाठ लावून बसा. डोळे मिटा. मागच्याचा श्वास वर-खाली होतोय का बघा. बोलायचं नाही," बाई म्हणाल्या, आणि दुसरीच्या वर्गात सतरंजीवर एकच धांदल उडाली.

दोन दिवसांच्या प्रशिक्षणात बाई हे शिकून आल्या होत्या. मुलांचं मन शांत होतं, ती मनातलं बोलायला लागतात, असं पुस्तिकेत लिहिलं होतं. बाईंचा काही फारसा विश्वास बसला नव्हता. पण मुख्याध्यापिकांनी वेळापत्रकात रोज दहा मिनिटं घातली होती, म्हणजे करणं भागच होतं.

जोड्या लागल्या. वर्गात सत्तावीस मुलं, त्यामुळे एक उरणारच. उरली ती नवी मुलगी. शाळेत येऊन तिला तीन आठवडे झाले होते आणि अजून तोंडातून अक्षर फुटलं नव्हतं. हजेरीला नुसता हात वर. मुलांनी सुरुवातीला 'मुकी' म्हणून चिडवून पाहिलं, मग तेही सोडून दिलं. मुख्याध्यापिका शनिवारीच म्हणाल्या होत्या, "हा आठवडा बघा. नाहीतर आईवडिलांना सांगून टाकू, दुसरी शाळा शोधा म्हणून."

मुलगी खिडकीशी पाठमोरी उभी होती. आपल्याला कुणी बोलावणार नाही, हे धरूनच चालल्यासारखी.

"ये, माझ्याबरोबर बस," बाई म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात टेकत खाली बसल्या.

आधी नुसती तिची वेणी टेकली. मग खांदे. मग हळूहळू सगळा भार आला, वीस किलोसुद्धा नसेल. बाईंनी डोळे मिटले. आपल्यावर कुणी असं रेलून बसलं, त्याला किती वर्षं झाली ते त्यांना चटकन आठवेना. काल रविवार. काल दिवसभरात त्या एकदाच बोलल्या होत्या, तेही भाजीवाल्याशी. "पिशवी नको."

मागचा श्वास भराभर चालला होता. तो ऐकता ऐकता बाईंचा स्वतःचाच मध्ये कुठेतरी अडकला. भर वर्गात हे काय, म्हणून त्यांनी ओठ गच्च मिटून घेतले. पण पाठ कुठली ऐकतेय, हुंदक्यानं ती हलायची ती हललीच.

मागचा श्वास क्षणभर थांबला.

"बाई," मुलीचा आवाज आला. बारीक, घोगरा, कधीचा घडी घालून ठेवल्यासारखा. "तुम्हालापण कुणी घेतलं नाही?"

बाईंनी वळून पाहिलं नाही. वळल्या असत्या तर पाठ सुटली असती.

"नाही," त्या म्हणाल्या.

घंटा झाली. बाकीची मुलं डबे घेऊन दाराकडे पळाली. गलबला व्हरांड्यातून लांब लांब जात मैदानात उतरला. सतरंजीवर कुणाची तरी चप्पल तेवढी राहिली होती.

मुलगी उठली नाही. उलट जरा आणखीच मागे रेलली.

"बाई, उद्यापण आपण दोघीच उरू या."