दुसऱ्या चॅनलची सेकारिनी

पोरीला नाव पेलत नाही म्हणून ती सारखी आजारी पडते, असं सुमिराह म्हातारीने जाहीर केलं आणि लाल-पांढरी पेज शिजत घातली. नाव बदलायचं म्हटलं की ही पेज हवीच, अर्धी गुळाची आणि अर्धी नारळाच्या दुधाची.

नात सेकारिनी चटईवर पडून टीव्ही बघत होती. दवाखान्याचं औषध चालू होतं, पण ताप जाई आणि पुन्हा येई. अन्नाला ती शिवत नव्हती. टीव्हीवरच्या मालिकेचं नावही 'सेकारिनी'च. पोरीने अंग टाकलं त्याच सुमाराला त्यातली नायिका इस्पितळाच्या खाटेवर आडवी झाली, ती अजून उठली नव्हती. म्हातारीला आणखी कसला पुरावा हवा होता?

"पोटुशी असताना मालिका बघत बसलीस, तिथूनच उचललंस हे नाव," ती सुनेला म्हणाली.

"तेव्हा ती नायिका चांगली धडधाकट होती, आई," वार्तिनी रडवेली झाली. "या घरात माझं एवढं एकच तर चाललं होतं!"

दुआ मागायला मशिदीची कामं बघणारे मोदिन आले; त्यांना सगळे आदराने 'पाक' म्हणत. वाफाळत्या वाट्या मधोमध मांडल्या गेल्या.

"नवं नाव काय?"

"राहायु," म्हातारी म्हणाली. "हलकं आहे."

मोदिननी हात उचलले, तेवढ्यात वार्तिनीने झडप घालून रिमोट घेतला आणि दुसरं चॅनल लावलं. तिथे कोळणींच्या बाजारात एक ठसठशीत बाई ओला खराटा घेऊन एका गुंडाच्या मागे धावत होती. सगळा बाजार ओरडत होता, "सेकारिनी, सोडू नकोस त्याला!"

म्हातारी पुढे सरकली. "हिचंही नाव सेकारिनी?"

"नवी मालिका आहे. नाव तेच."

"जेवते नीट?"

"दोन माणसांचं."

"आणि ताप?"

"तिला बघून ताप पळेल, आई."

गुंड माशांच्या टोपलीत पडेपर्यंत म्हातारीने डोळ्याची पापणी लवू दिली नाही. मग ती मोदिनकडे वळली. "पाक, नाव तेच ठेवून नुसतं चॅनल बदललं तर?"

मोदिननी आजवर कितीतरी पोरांची नावं बदलली होती, पण असं कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी दाढी खाजवली. "पेज तर शिजलीच आहे," ते म्हणाले आणि दुआ मागू लागले.

तर सेकारिनीची पुन्हा सेकारिनी झाली, या वेळी दुसऱ्या चॅनलची. वार्तिनी एकीकडे डोळे पुसत होती, एकीकडे हसत होती. पोरीने वाटी ओढली, दोन घास खाल्ले, तिसरा खाल्ला आणि थांबली.

"आजी, आणि ती?"

"ती कोण?"

"खाटेवरची. तिला कोण पेज देणार?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. म्हातारी मात्र हसली नाही. तिने रिमोट घेतला, चाचपडत पहिलं चॅनल लावलं. खाटेवरची सेकारिनी डोळे मिटून तशीच पडली होती. म्हातारीने एक वाटी भरली, फुंकर घालून निववली आणि टीव्हीसमोर ठेवली.

"नाव राहू दे गं बाई तुझं," ती पडद्याला म्हणाली, "पण उठून बस."