खुशालरावांचं वजन

"चाळिशी उलटली की देह हेच माणसाचं खरं धन," असं खुशालरावांनी ओसरीवर जमलेल्या मंडळींना सांगितलं आणि पुढ्यात आलेली तुपाची वाटी मागं सारली. माघापर्यंत त्यांचं खरं धन कापूस होतं, आणि तूप ते वाटीनं नव्हे, तांब्यानं घेत.

कापूस तेव्हा भलताच चढला होता. साता समुद्रांपलीकडे कुणाची तरी लढाई जुंपली होती, आणि इकडे वऱ्हाडात लोक बैलांची शिंगं चांदीनं मढवत होते. खुशालराव गावोगावचा कापूस घेऊन अमरावतीत विकत. भाव चढला तसे तेही चढले. पंचेचाळिशीत त्यांना स्वतःच्या पायाचे अंगठे दिसेनासे झाले. अचलपूरचे गोवर्धन वैद्य बजावून थकले: पहाटे उठा, पायी चाला, ज्वारीची भाकर खा, दिवेलागणीआधी जेवा, हुक्का सोडा. खुशालराव हे सगळं हुक्का ओढत ऐकून घेत.

मग माघात कापसाच्या गंजीपाशी धाप लागून ते कोसळले. शुद्धीवर आले तेव्हा उशाशी बायको होती.

"अंबादेवीले नवस बोलली मी," दुर्गाबाई म्हणाल्या. "तुमी उठले तं दसऱ्याले तुमच्या भारोभार चांदी."

खुशालरावांनी पुन्हा डोळे मिटले. बऱ्याच वेळानं एक उघडला.

"भार कोनता धरा लागते वं? आजचा का दसऱ्याचा?"

"दसऱ्याले भरान तेवढा."

जरा उभं राहता येऊ लागलं तसे ते पहाटे चालायला निघाले.

हुक्का मेव्हण्याकडे गेला. पंक्तीत सगळे पुरणपोळी खात, तेव्हा खुशालराव कोरडी भाकर चावत बसत.

"तूप घ्या न जी थोडं," दुर्गाबाई म्हणत. "लय सुकून राहिले तुमी."

"काहून वं, मले भरवून राहिली?"

ही बाई देवीच्या बाजूनं आहे, अशी त्यांची खात्री पटत चालली.

श्रावणात त्यांनी मापारी पुंजारामला बोलावलं आणि कापसाच्या काट्याच्या पारड्यात बसले.

"मालक, वजनं कोनती लावू? घ्याची का द्याची?" पुंजारामनं विचारलं.

"खरी लाव."

पुंजाराम जरा घुटमळला. "ते शेजारून आना लागतीन."

शेजारच्या वजनांनीही खुशालराव चांगलेच उतरले होते. पण चांदी म्हटल्यावर तेवढ्यानं भागणार नव्हतं. ते दुपारीही चालू लागले. धाप गेली, झोप लागू लागली, अंगठे पुन्हा दिसले. चांदूर बाजारपर्यंतचे जाडजूड व्यापारी त्यांना गुपित विचारायला येत.

"मनाले लोभ नसावा," खुशालराव सांगत.

नवरात्र त्यांनी निव्वळ पाण्यावर काढलं. गाव म्हणालं, भक्ती असावी तर अशी.

दसऱ्याला घोंगडीखाली चांदी घालून गाडी अमरावतीला निघाली. दुर्गाबाई गाडीत बसल्या. खुशालराव बाजूनं चालले; वाटेत जेवढं झडेल तेवढं झडेल. देवळापाशी त्यांनी जोडे काढले. मग पागोटं काढलं, अंगरखा काढला, कमरेचा करदोडा उतरवला. लोक बघू लागले. नेसूच्या धोतराकडेही त्यांनी एकदा विचारपूर्वक पाहिलं, पण आत बायाबापड्या होत्या.

दुर्गाबाईंनी देवीची ओटी भरली, नारळ ठेवला, हात जोडले आणि निघाल्या.

"अवं, थांब," खुशालराव म्हणाले. "तराजू कुठं हाय?"

"कायचा तराजू?" दुर्गाबाईंनी विचारलं. "मी तं देवीले एक नारळ बोलली होती."